जंतू एकच, रोग मात्र दोन

कोरोनाच्या साथीने आपल्या बोलण्यात जे नवे शब्द आणले त्यांत ‘इम्युनिटी’ हा शब्द सर्वांत खोल रुजला असे म्हणावयास हरकत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती आणि अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा खेड्यातील म्हाताऱ्या बायकासुद्धा गुळवेलीचा काढा उकळता उकळता ‘यानं इम्युनिटी वाढते’ असे शेजारणीला सांगत. या सांगण्यामागे एक कल्पना असते. प्रतिकारशक्ती म्हणजे कणगीतल्या ज्वारीसारखी साठवून ठेवण्याची वस्तू. ज्याची कणगी भरलेली तो धडधाकट, ज्याची रिकामी तो रोगी. कल्पना सोपी आहे आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. परंतु ती किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल तर वऱ्हाडातल्या माणसाला फार लांब जाण्याची गरज नाही. विद्यापीठाकडे जाताना आपण रोज ज्या ‘तपोवन’चे नाव घेतो, ते तपोवन ज्या रोगासाठी उभे राहिले, त्या रोगाकडे पाहिले तरी पुरे. तो रोग म्हणजे कुष्ठरोग. जुन्या लोकांच्या भाषेत महारोग.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विज्ञानाच्या वाटेला कशाला जावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण माझी आई. मूर्तिजापूर तालुक्यातील आमच्या गावात ती आशा सेविका आहे. कुष्ठरुग्ण शोधण्याची मोहीम निघते तेव्हा ती एका पुरुष स्वयंसेवकाला बरोबर घेऊन घरोघर हिंडते. अंगावर कोठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे काय, तेथे स्पर्श कळतो काय, एवढे पाहावयाचे आणि संशय आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावयाचे. अशाच एका मोहिमेत तिला एका घरातील सुनेच्या दंडावर चट्टा सापडला. चट्टा एकच, रुपयाहून थोडा मोठा, कडा स्पष्ट आणि मध्ये अगदी बधिर. बातमी घरात कळताच सासूने तिचे ताट-पेला वेगळा केला. नियमाप्रमाणे डॉक्टरांनी घरातील सर्वांनाच तपासले, तेव्हा तिच्या भासऱ्याला हाच रोग असल्याचे निघाले. त्याच्या अंगावर डोळ्यांत भरण्यासारखा एकही चट्टा नव्हता. चेहरा तुकतुकीत, कानाच्या पाळ्या जाड. गावातले लोक तर ‘तब्येत भरली’ म्हणत. त्याचे ताट कोणी वेगळे केले नव्हते.

घरी आल्यावर आईने मला विचारले, “तू कॉलेजात जाते ना, मंग सांग बरं. घर एक, हवा एक, रोग बी एकच. मंग हिले एकच बधिर चट्टा, अन् त्याच्या अंगावर त काहीच दिसत नाई, हे काहून?”

या ‘काहून’चे उत्तर शोधण्यासाठी मी ग्रंथालयात आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे जे जे मिळाले ते वाचले, विचारले. त्यातून जे समजले ते येथे मांडीत आहे.

प्रथम त्या जंतूविषयी. १८७३ साली नॉर्वेमधील बर्गेन या गावी डॉ. हॅन्सन यांना रुग्णाच्या गाठीतील पेशींत काडीसारखे जंतू दिसले. माणसाच्या रोगाचे कारण म्हणून दाखविल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा एक. परंतु त्याच्याइतका संथ जंतू दुसरा सापडणे कठीण. आपल्या आतड्यातील सामान्य जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. कुष्ठाच्या जंतूला त्यासाठी सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी कधी वीस वर्षेही जातात. प्रयोगशाळेतील बशीत तो आजपर्यंत वाढविता आलेला नाही. २००१ साली त्याच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील निम्म्याहून अधिक भाग निकामी झालेला आढळला. स्वतःचा संसार चालविण्याची साधने गमावून बसलेला हा जंतू सर्वस्वी परक्या पेशीच्या आश्रयाने जगतो. त्याला थंडावा मानवतो, म्हणून नाक, कानाच्या पाळ्या, त्वचा आणि त्वचेलगतचे मज्जातंतू ही त्याची आवडती ठिकाणे. संशोधकांनी तो वाढविला तोही प्रथम १९६० साली उंदराच्या पायाच्या तळव्यात आणि पुढे १९७१ साली अमेरिकेतील आर्माडिलो या थंड अंगाच्या खवलेधारी प्राण्यात.

आणि आता या सर्व प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धनुर्वाताचा किंवा घटसर्पाचा जंतू जसे विष सोडतो तसे कोणतेही विष हा जंतू सोडीत नाही. भासऱ्याच्या त्वचेत कोट्यवधी जंतू असूनही तो शेतात नांगर धरीत होता ते यामुळेच. मग वाकडी बोटे, झडलेल्या भुवया, न भरणाऱ्या जखमा हे सारे येते कोठून? त्याचे उत्तर जंतूकडे थोडे आणि शरीराकडे फार आहे.

शरीराचे संरक्षण अनेक फळ्यांचे असते. पहिली फळी त्वचेची आणि नाका-घशातील ओलसर अस्तराची. तिला ओलांडून कोणी आत आलाच तर तेथे भक्षक पेशी असतात. त्या परक्याला गिळतात आणि पोटात घेऊन पचवून टाकतात. बहुतेक जंतूंचा निकाल येथेच लागतो. त्यांतून जे निसटतात त्यांच्यासाठी तिसरी, शिकलेली फळी असते. तिच्यात दोन शाखा आहेत. एक शाखा प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करून रक्तात सोडते. प्रत्येक प्रतिपिंड विशिष्ट शत्रूलाच चिकटते. दुसरी शाखा टी पेशींची. या पेशी स्वतः हिंडून, कोणत्या पेशीच्या आत शत्रू लपला आहे ते ओळखतात.

दोन शाखा कशासाठी, हे कापूस पिकविणाऱ्याला चटकन समजेल. पानावरची अळी फवाऱ्याने मरते. पण गुलाबी बोंडअळी एकदा बोंडाच्या आत शिरली की वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. प्रतिपिंडे म्हणजे हा फवारा होय. ती रक्तात व पेशींबाहेरच्या द्रवात फिरतात, पेशीच्या आत शिरू शकत नाहीत. आणि कुष्ठाचा जंतू तर बोंडअळीच्याच जातीचा! भक्षक पेशीने त्याला गिळले तरी मेणचट आवरणामुळे तो पचत नाही. जिने खाल्ले तिच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. येथे टी पेशी कामास येतात. इंटरफेरॉन गॅमा या रासायनिक निरोपाने त्या भक्षक पेशीला चेतवितात, आणि मग एरवी जंतूला पोटात घेऊन स्वस्थ बसलेली ती पेशी त्याला आतल्या आत मारू लागते.

हा निरोप वेळेवर जातो म्हणूनच जगातील शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव माणसांना, जंतू अंगात शिरला तरी, कुष्ठरोग होतच नाही. उरलेल्या थोड्यांत शरीर जंतूला काय उत्तर देते त्यावर रोगाचे रूप ठरते. १९६६ साली रिडली आणि जॉप्लिंग या दोन डॉक्टरांनी ही सर्व रूपे एका पट्टीवर मांडली, ती पट्टी आजही वापरली जाते. तिच्या एका टोकाला आमच्या गावची ती सून आहे. तिच्या टी पेशी जागरूक. त्यांनी जंतूला एका जागी घेरले, बहुतेक मारले. त्या चट्ट्यात जंतू शोधू म्हटले तर मिळणे मुश्कील. पण या लढाईत तेथील बारीक मज्जातंतूही कापले गेले आणि चट्टा बधिर झाला. दुसऱ्या टोकाला तिचा भासरा. त्याच्या टी पेशी या जंतूपुढे गप्प. प्रतिपिंडे मात्र रक्तात भरपूर, तिच्याहूनही कितीतरी अधिक. पण फवारा बोंडाच्या बाहेर! त्यामुळे जंतू साऱ्या अंगाच्या त्वचेत सारखे पसरले आणि चेहरा तुकतुकीत झाला.

म्हणजे घराने ज्या माणसाचे ताट वेगळे केले, तिच्या शरीराने जंतूचा बंदोबस्त पुष्कळसा केला होता आणि तिच्यापासून कोणाला लागण होण्याचा संभव फारच थोडा होता. चट्टा ही तिच्या लढाईची खूण होती. ज्याच्या नाकातून जंतू बाहेर पडत होते तो निर्धास्तपणे पंगतीत बसत होता. (त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्यालाही ठाऊक नव्हते, आणि औषध सुरू होताच थोड्या दिवसांत त्याच्यापासूनही लागण होणे थांबते.)

भासऱ्याची प्रतिकारशक्ती ‘कमी’ होती काय? येथे कणगीची कल्पना कोलमडते. त्याच माणसाचे शरीर इतर जंतूंशी नेहमीप्रमाणे लढते. त्याचे मौन फक्त या एका जंतूपुरते असते. जपानचे डॉ. मित्सुदा यांनी कुष्ठाच्या मेलेल्या जंतूंचा अर्क त्वचेत टोचून पाहण्याची एक चाचणी काढली होती. सुनेसारख्या रुग्णांत तीन-चार आठवड्यांनी तेथे ठळक गाठ येते. भासऱ्यासारख्यांत काहीच येत नाही. रोग आहे की नाही हे ती चाचणी सांगत नाही. शरीर उत्तर देते की नाही, एवढेच ती सांगते. हे मौन का पडते याचा शोध अजून चालू आहे. जनुकांचा त्यात वाटा आहे, दीर्घकाळच्या सहवासाचा आहे, दारिद्र्य आणि दाटीवाटीच्या घरांचा आहे.

शरीराचे हे उत्तर ध्यानात न घेतल्यामुळे शहाण्यासुरत्यांचाही कसा गोंधळ झाला त्याची एक कथा मोठी उद्बोधक आहे. हॅन्सन यांचे सासरे डॉ. डॅनियलसन हे त्या काळचे कुष्ठरोगाचे सर्वांत मोठे जाणकार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी रुग्णाच्या गाठीतील द्रव्य स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. रोग झाला नाही. त्यावरून आपले मत त्यांनी पक्के केले की हा रोग संसर्गजन्य नाही, तो आनुवंशिक आहे. पुढे जावयाने जंतू दाखविला तरी सासऱ्यांचे मत सहजी बदलले नाही. वरोऱ्याला आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांनीही प्रयोगासाठी कुष्ठाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले होते, आणि त्यांनाही रोग झाला नाही. बाबांचे धैर्य थोरच. कारण आपण त्या पंचाण्णवांतले आहोत की पाचांतले, हे टोचून घेणाऱ्याला आधी कोण सांगणार? परंतु दोन्ही प्रयोगांत जंतू निरुपद्रवी ठरला नव्हता. त्याला उत्तर देणारे शरीर तेथे होते, इतकेच.

समाजाने मात्र जंतू म्हटला की रोग आणि रोग म्हटला की शिक्षा असाच हिशेब ठेवला. रुग्णांना वेगळे कोंडण्याचा इंग्रजांनी केलेला १८९८ चा कायदा आपल्या संसदेने रद्द केला तो २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातील तरतूद गेली ती २०१९ साली, म्हणजे मी शाळेत असताना. या पार्श्वभूमीवर आपल्या भागातील काही माणसांचे मोठेपण लक्षात येते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केले, अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, सर्वांच्या दाजीसाहेबांनी, १९४६ साली तपोवन उभारले आणि घरादाराने टाकलेल्या माणसांना तेथे शेती व उद्योग दिले. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय चालत आले. दिवाणांनी काम सुरू केले तेव्हा खात्रीचे औषधही हाती नव्हते. डॅप्सोन आले ते चाळीसच्या दशकात; पुढे जंतू त्यालाही दाद देईनासे झाले, म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. ती औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात. सहा किंवा बारा महिने घेतली की जंतूंचा निकाल लागतो. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. तरी देशात अद्याप दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपले असतात. आईचे हिंडणे थांबलेले नाही ते त्यामुळे.

प्रतिबंधाचा मार्गही शरीराच्या शिकवणीतूनच जातो. आपल्या दंडावर बाळपणी टोचलेली बी. सी. जी. लस क्षयासाठी असली तरी कुष्ठापासूनही काही अंशी रक्षण करते, कारण दोन्ही जंतू एकाच कुळातले. त्याच कुळातील एका निरुपद्रवी जंतूपासून दिल्लीच्या डॉ. तलवारांनी, तर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात सापडलेल्या जंतूपासून तेथील शास्त्रज्ञांनी लसी तयार केल्या. टी पेशींना त्या एका शत्रूची ओळख पटवून द्यावयाची, हा या सर्वांमागील हेतू.

आता जी गोष्ट खेड्यात सर्वांत घातक ठरते तिच्याकडे वळतो. उपचार चालू असताना, कधी ते संपल्यावरही, रुग्णाचा जुना चट्टा एकाएकी लाल होऊन सुजतो, कोपरात कळा येतात, ताप येतो. याला डॉक्टर ‘रिॲक्शन’ म्हणतात. लोक म्हणतात गोळ्या उलटल्या, आणि गोळ्या बंद करतात. खरा प्रकार निराळा असतो. टी पेशी एकदम जोरात येतात आणि मज्जातंतूच्या आत दडलेल्या, बहुधा मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडतात. मज्जातंतू घट्ट नळीसारख्या आवरणात असतो. सूज आली की पसरायला जागा नाही. कोपरामागून करंगळीकडे जाणारा तंतू असा चेंगरला की करंगळी आणि अनामिका वाकू लागतात. स्पर्श गेला की चुलीवरचे गरम भांडे हातात धरले तरी कळत नाही. फोड, जखम, पुन्हा जखम असे होत होत बोट आखडते. बोटे ‘गळून पडतात’ हा निव्वळ गैरसमज. वेलोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट रुग्णांचे हात वर्षानुवर्षे तपासून दाखविली.

अशा वेळी डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात, म्हणजे प्रतिकाराचा जोर मुद्दाम कमी करतात. जंतूंवरच्या गोळ्या चालू ठेवावयाच्या आणि शरीराला मात्र आवरावयाचे! ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र या रुग्णाच्या कानात कोणी म्हटला तर त्याचा हात जावयाचा. एचआयव्हीने याला आणखी एक विलक्षण पुरावा दिला आहे. तो विषाणू टी पेशींचाच नाश करतो, म्हणून क्षयाप्रमाणे कुष्ठरोगही बेसुमार वाढेल असा पुष्कळ शास्त्रज्ञांचा अंदाज होता. तसे झाले नाही. उलट काही रुग्णांत एचआयव्हीची औषधे सुरू होऊन टी पेशी सावरल्यावरच आजवर न दिसलेला कुष्ठाचा चट्टा अंगावर उमटला.

मज्जातंतूचे नुकसान सहा महिन्यांच्या आतले असेल तर या औषधाने संवेदना आणि ताकद पुष्कळदा परत येते. त्याहून जुने असेल तर क्वचितच. तपोवनात किंवा आनंदवनात ज्यांचे हात वाकडे दिसतात अशा कित्येक वृद्धांच्या अंगात आज एकही जिवंत जंतू नाही. ते रोगी नाहीत. मेलेल्या तंतूंना मात्र परत फुटवा आला नाही, आणि त्या हातांकडे पाहून लोक अजून दूर सरतात.

आमच्या गावच्या सुनेला चौथ्या महिन्यात रिॲक्शन आली. चट्टा लाल झाला, करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. घरच्यांनी गोळ्या बंद करण्याचे ठरविले होते. आईने सासूला ओट्यावर बसवून सांगितले, “बाई, गोळ्या नाई उलटल्या. तिच्याच अंगातले शिपाई जास्तीचे चेतले हायेत. आजच दवाखान्यात नेऊ, उद्या नोको.” त्याच दिवशी दोघी आरोग्य केंद्रात गेल्या. भासऱ्याचेही बारा महिने पूर्ण झाले आहेत. दंडावरचा चट्टा बधिरच आहे, तो तसाच राहील असे डॉक्टर म्हणाले. हात वाचला. यंदाच्या हंगामात ती कापूस वेचायला जाते, आणि बोंडाची वाळलेली टोके पाचही बोटांना टोचतात म्हणून कुरकुरते.